डावा गाल आधी

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण "खुर्चीच ना!" म्हणून नाक मुरडू नका. तुम्ही ज्या चार पायांच्या खुर्चीवर बसून अभ्यास करता, किंवा अभ्यास करत असल्याचे दाखवता, त्यातली मी नव्हे. मी न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची आहे. मला पाय एकच आहे, पण तो लोखंडी आणि चांगला जाडजूड आहे. मी गोल फिरते, मागे कलते, वर जाते, खाली येते. तुमच्या घरातल्या किती खुर्च्यांना हे जमते, एकदा विचारून पाहा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे लोखंड वितळवून माझा पाय ओतला, हातांना पांढरा चकचकीत मुलामा दिला आणि बैठकीवर तांबडे चामडे ताणून बसवले. चामड्याच्या आत घोड्याचे केस भरले. केसांशी माझे नाते असे अगदी जन्मापासूनचे आहे. त्याच कारखान्यात दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्याही बनत. त्या माझ्या चुलत बहिणी. दिसायला आम्ही सारख्याच, पण नशीब बघा. त्यांच्यावर बसलेली माणसे हात घट्ट आवळून बसतात आणि माझ्यावर बसलेली माणसे घोरतात.

मला आबांनी घेतले. आबा तेव्हा तरुण न्हावी होते आणि दुकान नुकतेच सुरू झाले होते. हातगाडीवरून मी दाराशी उतरले तेव्हा त्यांनी मला इतके पुसले की मला गुदगुल्या झाल्या. मग दोन पावले मागे सरून त्यांनी मला डोळे भरून पाहिले. पण बसले मात्र नाहीत. "ही गिऱ्हाइकाची," असे म्हणून ते कोपऱ्यातल्या लाकडी स्टुलावर जाऊन बसले. त्या दिवसापासून आबांचे जेवण, पेपर, डुलकी, सगळे त्या स्टुलावर. मला याचा अभिमानही वाटे आणि थोडा रागही येई. स्टुलाला काय कळते माणसाच्या पाठीतले?

दुकान लहानच होते. समोर मोठा आरसा, आरशाखाली फळी, फळीवर ब्रश, वाट्या, तुरटी आणि रंगीत बाटल्या. एका अंगाला शेगडीवर पाण्याची किटली दिवसभर गुणगुणत असे. माझ्या उजव्या हाताला चामड्याचा पट्टा बांधलेला होता, त्यावर वस्तऱ्याला धार लावत. माझ्या पाठीमागे दार होते आणि दारापलीकडे रस्ता. तो रस्ता मला फक्त आरशात दिसे, आणि म्हणून उलटा दिसे.

माझ्यात एक खोड होती, ती आताच सांगून टाकते. माझा पंप थोडा गळका होता. वर उचलून ठेवले की काही वेळाने मी आपोआप खाली येऊ लागे, आणि येताना "हुश्श" असा आवाज होई. नव्या गिऱ्हाइकाला वाटे की आपणच उसासा सोडला, आणि तो उगाच इकडेतिकडे बघे.

आबांचे नियम दोन होते. खुर्चीवर आपण बसायचे नाही, हा पहिला. दुसरा नियम, अर्धा चेहरा सोडायचा नाही. एकदा एका गालाला वस्तरा लागला की दुसरा गाल पूर्ण केल्याशिवाय हात धुवायचा नाही, मग काहीही होवो. एकदा समोरच्या बेकरीतून धूर निघू लागला. बेकरीवाला नेमका माझ्यावर होता, एक गाल साफ आणि एक गाल फेसाने भरलेला.

"आबा, आग! माझी बेकरी!" तो उठायला लागला.

आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत खाली बसवले. "तो पाव करपल्याचा धूर आहे. मान वर कर."

"अहो पण..."

"अर्ध्या चेहऱ्यानं गेलास तर तुझी बायको आगीआधी तुला विझवेल. मान वर."

धूर खरेच पावाचा निघाला. पण त्या दिवसानंतर आबांचा नियम सगळ्या रस्त्याला पाठ झाला. आबा म्हणत, "अर्धा चेहरा घेऊन माणूस आरशासमोर उभा राहिला, की आपण कोण तेच त्याला कळत नाही."

आबांना एक मुलगा होता. तो फळीला हात पुरेनात तेव्हापासून दुकानात वावरे. आधी फेस करायला शिकला, मग कात्री, मग वस्तरा. त्याचा हात इतका हलका होता की वस्तरा गालावरून गेला हे गिऱ्हाइकाला कळतच नसे. "हात आहे की लोणी!" असे पोस्टमन एकदा म्हणाला, आणि झाले! त्याचे नावच लोणी पडले. चांगला उंचापुरा तरुण, पण सगळा रस्ता त्याला लोणीच म्हणे. तो रागावत नसे. उलट कोणी "लोणी आहे का?" असे दारातून विचारले, की आतून "संपलं, उद्या या," असे उत्तर देई. त्याच्या हाताखाली माणसे झोपी जात. पोस्टमन तर मान मागे टाकली की लगेच घोरायला लागे, आणि लोणी त्याच्या घोरण्याच्या तालावर दाढी करी. ती वर्षे फार सुखाची होती.

मग युद्ध सुरू झाले. ते कोणाचे, कोणाशी आणि कशासाठी, यावर दुकानात रोज चर्चा होई आणि रोज नवे कारण निघे. लोणीला गणवेश मिळाला. निघताना तो सगळ्यांना हसून भेटला. बेकरीवाल्याने त्याला पिशवीभर बिस्किटे दिली, पोस्टमनने पाठ थोपटली. आबांनी काहीच दिले नाही, फक्त त्याची कॉलर दोनदा नीट केली. तो गेला आणि दुकानातला आवाज निम्म्याने कमी झाला. माझ्या चामड्यावर धूळ बसू लागली. आबांचे लक्ष माझ्याकडे नव्हते, आणि त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही.

युद्ध संपले आणि लोणी परत आला. हात धड, पाय धड, डोळे धड. "सुखरूप आला हो!" असे सगळे म्हणाले. लोणीची आई, जिला सगळे माई म्हणत, तिने तर त्याची बोटेसुद्धा मोजून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकान उघडले, मला पुसले, माझ्या पंपात तेल घातले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय म्हातारे, अजून उसासे सोडतेस का?" मी लगेच सोडून दाखवला. मला वाटले, आले आपले दिवस परत.

त्याने एक गोष्ट मात्र नवी केली. त्याने मला गर्रकन फिरवून माझे तोंड दाराकडे केले आणि तसेच ठेवले. "इकडून उजेड चांगला येतो," असे त्याने आबांना सांगितले. मित्रांनो, माझा आनंद काय वर्णावा! इतकी वर्षे उलटा पाहिलेला रस्ता मला पहिल्यांदाच सुलटा दिसला. बेकरीची पाटी मला वाचता आली. मी इतकी खूश झाले, की लोणीने आरशाकडे पाठ का फिरवली असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नाही.

कात्री तो पूर्वीसारखीच चालवी. थट्टा करी, हसे, लहान मुलांच्या कानामागून कंगवा काढून दाखवी. मग पोस्टमन दाढीला आला. लोणीने मला मागे कलवले, गरम फडके ठेवले, छान दाट फेस लावला, पट्ट्यावर वस्तरा फिरवला. पोस्टमनने डोळे मिटले. आणि लोणी नुसता उभा राहिला. वस्तरा हातात, पण हात पुढे जाईना. पोस्टमनने घोरायची सगळी तयारी केली होती, त्याने एक डोळा उघडला.

"काय रे?"

"धार गेलीय याची," लोणी म्हणाला. त्याने फेस पुसून टाकला. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी पाणी पुरेसे गरम नव्हते. तिसऱ्या दिवशी साबण बरोबर नव्हता. मग आबा स्वतः वस्तरा घेऊन उभे राहिले. पण आबा आता थकले होते आणि त्यांचा हात थरथरत होता. शाळेच्या हेडसरांच्या कानाला त्यांनी छोटीशी चीर पाडली. हेडसर "काही नाही, काही नाही" म्हणत रुमाल धरून घरी गेले. त्या दिवसापासून आबांनी वस्तरा हातात घेतला नाही, स्वतःच्या दाढीलासुद्धा नाही.

त्याच सुमाराला ती गोष्ट घडली. बेकरीवाल्याची लहान मुलगी केस कापायला आली होती. ती सारखी चिवचिवाट करी म्हणून तिला चिमणी म्हणत. लहान मुलांसाठी माझ्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकत, त्यावर ती पाय हलवत बसली. शेजारी तिचे वडील होते, पोस्टमन होता. चिमणीने मधेच विचारले, "लोणीकाका, तू युद्धात किती माणसं मारलीस?"

दुकानात किटलीचा आवाज तेवढा राहिला. "गप गं!" असे बेकरीवाला ओरडला. लोणी हसला आणि म्हणाला, "मान हलवू नकोस, नाहीतर वाकडी कापेन." त्याने तिचे केस नीट कापले. पण त्याचा डावा हात माझ्या पाठीवर होता आणि त्याने माझी कड इतकी घट्ट धरली होती, की चामड्यावर त्याच्या नखांच्या खुणा उमटल्या. त्या अजून आहेत. तेव्हा मला कळले की हा मुलगा सुखरूप आलेला नाही.

माझे तोंड दाराकडे असल्यामुळे पुढची मसलत मी ऐकली. बेकरीवाला, पोस्टमन आणि हेडसर बाहेर पायरीवर उभे होते.

"पोराला पात्याची भीती बसलीय," पोस्टमन म्हणाला. "रक्त पाहिलंय ना त्यानं."

"मग आपण दाढी करायचीच नाही," बेकरीवाला म्हणाला. "कोणी मागितलीच नाही, तर त्याला नाही म्हणावं लागणार नाही."

"स्टेशनजवळ दुसरं सलून आहे," हेडसर हळूच म्हणाले.

बाकीच्या दोघांनी त्यांच्याकडे असे पाहिले, की हेडसर एकदम बूट बघायला लागले.

आणि मित्रांनो, त्या रस्त्यावर दाढ्यांचे पीक आले! पोस्टमनची दाढी चौकोनी वाढली. कोणी विचारले तर "थंडीला बरी," म्हणे, आणि तेव्हा तर घामाच्या धारा लागत होत्या. बेकरीवाल्याची दाढी पिठाने पांढरी होई, तो एका रात्रीत म्हातारा आणि आंघोळीनंतर पुन्हा तरुण दिसे. हेडसर म्हणत, "आता मुलांवर ओरडावं लागत नाही, नुसतं वर्गात गेलं तरी पुरतं." त्यांचे पाहून शिंप्याने वाढवली, छत्रीवाल्याने वाढवली. माई भाजी घेऊन येताना दारात थांबली आणि म्हणाली, "ही अस्वलं कधीपासून राहायला आली आपल्या रस्त्यावर?" मी तर हसून हसून दोन बोटे खाली बसले. लोणीवर इतके प्रेम कोणी केले असेल असे मला वाटत नाही.

पण लोणी मात्र दिवसेंदिवस मिटत चालला. जो कोणी दाढीवाला आत येई, त्याला पाहून तो किटलीकडे वळे, आणि पाणी उकळत असले तरी पुन्हा उकळत बसे. केस कापताना तो गिऱ्हाइकाच्या मागेच उभा राही, समोर येईना. थट्टा बंद झाली. कोणी दारातून "लोणी आहे का?" विचारले, तर नुसते "हो" म्हणे. सगळ्यांना वाटले की आपली दाढी अजून कमी पडते. त्यांनी ती आणखी वाढवली.

शेवटी एका दुपारी माई दुकानात आली. लोणी पाणी आणायला गेला होता. "तो धंदा सोडतोय," ती आबांना म्हणाली. "स्टेशनवर ओझी उचलायला जाणार आहे सोमवारपासून. म्हणे, कात्रीसुद्धा नको. ओझी उचलण्याचं मला काही वाटत नाही हो, कष्टाचं काम आहे. पण हा हात... हा हात मिटून बसला तर पोरगंच मिटेल माझं." आणि माई रडली.  आबा आपल्या वाढलेल्या पांढऱ्या दाढीवरून हात फिरवत राहिले.

शनिवारी दुपारी दुकान जेवणासाठी बंद होते. लोणी आपली कापडे घडी घालून ठेवत होता. आबा आत आले. त्यांनी दाराची कडी लावली, माझ्याजवळ आले, मला फिरवून माझे तोंड आरशाकडे केले आणि माझ्यावर बसले.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला आबांचे वजन माहीत नव्हते. ते फार हलके निघाले.

"आबा, उठा तुम्ही!" लोणी घाबरून म्हणाला. "ती गिऱ्हाइकाची..."

"मी गिऱ्हाईकच आहे. दाढी करायचीय."

"मला नाही जमत, आबा. तुम्हाला माहितीये."

"माझा हात थरथरतो, तुझा अडतो. त्यातल्या त्यात तुझा तरुण आहे. सोमवारी तुला जायचं तिथं जा. मी अडवणार नाही. पण जन्मभर दुसऱ्यांच्या दाढ्या करून मी असा अस्वलासारखा फिरू का?"

लोणीने किटलीतले गरम पाणी वाटीत ओतले. मग त्याने फेस केला. दाढी वाढलेली होती, म्हणून त्याने ती गरम फडक्याने पुन्हा पुन्हा भिजवली. मला वाटते, तो वेळ काढत होता. मग त्याने वस्तरा उचलला आणि उजव्या गालावर टेकवला. हात अडखळला, पण चालला. एक पट्टा, दुसरा पट्टा. आबांचा उजवा गाल हळूहळू उघडा झाला, गुळगुळीत, ओळखीचा. मी श्वास रोखून धरला होता. माझ्यासारख्या गळक्या पंपाला ते किती कठीण, तुम्हीच विचार करा.

डाव्या गालाकडे वळताना लोणीने वर पाहिले. आरशात आबांचा चेहरा होता, अर्धा साफ आणि अर्धा फेसाने आणि दाढीने भरलेला. आणि आबा आरशातून त्याच्याकडे बघत होते. गिऱ्हाईक बघते ना, तसेच.

लोणीने वस्तरा फळीवर ठेवला आणि तो दाराकडे निघाला.

"लोणी," आबा म्हणाले. ते हलले नाहीत. "नियम काय आहे?"

"अर्धा चेहरा सोडायचा नाही."

"मग?"

"मी सोडलाय, आबा," लोणी म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. "एक सोडून आलोय."

आणि मग त्याने ते सांगितले. मीही तुम्हाला सांगते, कारण खोटे गोड सांगणे मला आवडत नाही.

त्याला टेहळणीला पुढे पाठवले होते. सकाळची वेळ होती. ओढ्याकाठी एक माणूस पाठमोरा उभा होता. गणवेश शत्रूचा. त्याने झाडाच्या फांदीला तळहाताएवढा आरसा टांगला होता आणि तो दाढी काढत होता. आरशात दिसत होते, चांगली वाढलेली दाढी होती. उजवा गाल साफ झाला होता, डावा राहिला होता. त्याची बंदूक झाडाला टेकलेली होती, हात लांबवला तर पुरेल अशी.

"मला पहिल्यांदा काय वाटलं माहितीये?" लोणी म्हणाला. "वाटलं, हा वस्तरा चुकीचा धरलाय. असा धरला तर कापून घेईल हा. जाऊन त्याचा हात सरळ करावा, असं वाटलं मला आबा. आणि मग त्यानं आरशात मला बघितलं. मागं वळला नाही. आरशातूनच बघत राहिला. गिऱ्हाईक बघतं तसं. त्यानं बंदूक घेतली असती का, मला माहीत नाही. मी वाटच बघितली नाही. गोळी घातली. तो पडला तरी गालावरचा फेस तसाच होता. आणि मी पुढं गेलो. मला पुढं जायला सांगितलं होतं."

तो थांबला. मग म्हणाला, "सगळा रस्ता दाढ्या वाढवून बसलाय. जो आत येतो, तो त्याच्यासारखाच दिसतो."

मित्रांनो, मला एकदम बेकरीवाला, पोस्टमन, हेडसर आठवले. त्या बिचाऱ्यांनी किती मायेने दाढ्या वाढवल्या होत्या! आणि त्या मायेतूनच रोज सकाळी तो ओढ्याकाठचा माणूस दुकानात येत होता.

 "युद्धच होतं ते," "तू नाही तर त्यानं मारलं असतं," ही वाक्ये मी दुकानात अनेकांच्या तोंडून ऐकली होती. मला वाटले, आता तीच येणार. आबांनी त्यातले एकही उचलले नाही. त्या शांततेत माझा धीर सुटला आणि मी खाली बसू लागले. "हुश्श..." आबा हळूहळू खाली, आणखी खाली, लोणीच्या कमरेपर्यंत गेले. तशाही स्थितीत दोघांच्या ओठांवर हसू आले. माझ्या खोडीचा एवढा उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता.

"कुठला गाल राहिला म्हणालास त्याचा?" आबांनी खालूनच विचारले.

"डावा."

आबांनी मान मागे टाकली आणि डावा गाल वर केला. "मग हा त्याचा समज. नीट कर. घाई करू नकोस."

"त्यानं काय होणार आबा? तो काही परत येणार नाही."

"नाही येणार. मी कुठं म्हणतोय येईल म्हणून? तू विसर असंही मी म्हणत नाही. विसरणारा तू असतास तर तुझा हात असा हलका नसता. पण एकट्यानं धरून बसू नकोस. निम्मं मला दे." आणि आबांनी डोळे मिटले.

लोणीला माझा पंप मारून मला वर घ्यावे लागले. त्याने पुन्हा फेस केला, आधीचा वाळला होता. वस्तरा घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते आबांच्या गळ्यातल्या कापडावर पडत होते, पण हात थांबला नाही. इतकी सावकाश, इतकी हळुवार दाढी मी आयुष्यात पाहिली नाही. शेवटी त्याने तुरटी फिरवली, गार पाण्याचे फडके लावले, पावडर लावली आणि सवयीने विचारले, "ठीक आहे ना?"

उत्तर आले नाही. आबा झोपी गेले होते.

संध्याकाळी दुकान उघडले, तेव्हा आबा गुळगुळीत चेहऱ्याने पायरीवर उभे होते. समोर बेकरीवाल्याच्या हातातला पाव पडला. मग सगळे धावले. लोणीने त्यांना आत घेतले आणि जे होते ते थोडक्यात सांगितले. सगळे ऐकून पोस्टमनने कपाळावर हात मारला.

"म्हणजे आम्ही इतके दिवस खाजवत, घामेजत... तुलाच छळत होतो?"

"हो ना," लोणी म्हणाला.

"अरे, मग सांगायचंस!"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही तर थंडीला बरी म्हणत होतात."

आधी हेडसर हसले, मग सगळेच. हसता हसता बेकरीवाल्याने लोणीला मिठी मारली आणि दोघांचेही डोळे भरले. त्या संध्याकाळी एकामागून एक सगळ्या दाढ्या उतरल्या. लोणीचे हात दोनदा थांबले. दोन्ही वेळा त्याने वस्तरा खाली ठेवला, पेलाभर पाणी प्यायला आणि परत उचलला. माझ्यावर बसलेला माणूस अर्ध्या चेहऱ्याने गुपचूप वाट बघत राहिला. माईने केर काढला तेव्हा केसांचा असा ढीग जमला, की ती म्हणाली, "गादी होईल एक!" सोमवार आला आणि लोणी स्टेशनवर गेला नाही.

काही दिवसांनी चिमणी केस कापायला आली. या वेळी ती तोंड घट्ट मिटून फळीवर बसली होती. बापाने तंबी देऊन पाठवले होते, ते दिसतच होते. लोणी तिच्यासमोर येऊन वाकला.

"तू मला 'किती' असं विचारलं होतंस," तो म्हणाला. "एक."

चिमणीने थोडा विचार केला. "तो वाईट होता?"

"माहीत नाही. तो दाढी करत होता."

"मग तुला वाईट वाटलं?"

"हो."

"अजून वाटतं?"

"हो."

चिमणीने मान हलवली. मग तिने आपला हात फळीवरून काढला आणि लोणीच्या गालावरून एकदा फिरवला, घरी आई तिच्या गालावरून फिरवते तसा. "बरं," ती म्हणाली. "आता पुढचे काप. डोळ्यांत येतात."

मित्रांनो, त्यालाही आता फार वर्षे झाली. आबा गेले, माई गेली. लोणीचे स्वतःचे केस पिकले, तरी लोक त्याला लोणीच म्हणतात. माझे चामडे दोनदा बदलले, पण पाठीच्या कडेचा नखांच्या खुणा असलेला तुकडा त्याने बदलू दिला नाही. माझे तोंड पुन्हा आरशाकडे आहे आणि रस्ता मला पुन्हा उलटा दिसतो. त्याची मला चुटपुट लागते, पण मी बोलून दाखवत नाही. त्या शनिवारपासून दुकानात एक गोष्ट कायमची बदलली. सगळे न्हावी उजव्या गालापासून सुरुवात करतात, लोणी डाव्यापासून करतो. नव्या माणसाने विचारले तर "सवय," म्हणतो. आरशाकडे बघून क्षणभर थांबतो आणि मग वस्तरा लावतो.

आता माझे एवढे मागणे ऐका. माझ्या पंपात अधूनमधून तेल घाला. पाय हलवत चामडे उसवू नका. आणि तुमच्या घरी, शेजारी कोणी लढाईवरून परत आला, तर त्याची बोटे मोजून तो सुखरूप आहे असे समजू नका. त्याला काय सोसवेल ते आपणच ठरवून गप्पही बसू नका, आणि चारचौघांत आकडाही विचारू नका. त्याच्याजवळ बसा. तो मधेच थांबला, तर अर्ध्या चेहऱ्याने का होईना, त्याच्यासाठी थांबा.

कधी या रस्त्याला आलात तर दुकानात जरूर या. मान मागे टाका, डोळे मिटा आणि डावा गाल आधी द्या.